मधला पाइप

मेलला दोन ड्रॉइंगं जोडलेली होती. एक संपाचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं. ते सिव्हिलवाल्यांनी काढलेलं. दुसरं पंपाचं, ते पंप बनवणाऱ्यांकडून आलेलं. पहिल्यात सगळी मापं पाचाच्या नाहीतर दहाच्या पटीत, दुसऱ्यात दशांशानंतर दोन आकडे. सोबत एक मोबाइलवर काढलेला फोटो होता. कुणीतरी वहीच्या कागदावर संप आणि पंप असे दोन चौकोन काढून त्यांच्या मध्ये पेनानं एक वाकडी रेघ ओढली होती. रेघेवर लिहिलं होतं, 'पाइप नंतर ठरेल'.

आमचे सीनियर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "संप आहे, पंप आहे. मधला पाइप तेवढा तू टाक आणि रन लाव. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय."

हा 'तेवढा' मी गेली अकरा वर्षं ऐकते आहे. पुण्यात माझं काम हेच. पाणी, हवा, तेल, जे काही नळीतून जातं ते संगणकावर वाहतं करून दाखवायचं. या कामात पंपाला मालक असतो, टाकीला मालक असतो. त्यांच्या मीटिंगा होतात, त्यांच्या ड्रॉइंगवर तीन-तीन सह्या असतात. मधला पाइप मात्र कुणाचाच नसतो. पंपवाले म्हणतात, आमची हद्द फ्लँजपर्यंत, म्हणजे पंपाच्या तोंडावरच्या बोल्ट मारायच्या कडेपर्यंत. सिव्हिलवाले म्हणतात, आम्ही भिंतीत स्लीव्ह सोडलीय, म्हणजे पाइप आरपार जायला नळी. उरलेलं दीड-दोन मीटर अंतर मग माझ्यासारखीच्या वाट्याला येतं. बांधावरच्या झाडासारखं, दोन्ही शेतकऱ्यांच्या सात-बारावर नसलेलं.

नवीन मुलं आमच्याकडे लागली की पहिल्यांदा हाच पाइप काढायला देतात, सोपा म्हणून. ती बिचारी पाइपच काढतात. जाडी देतात, फ्लँज काढतात, बोल्टची आठ भोकंसुद्धा पाडतात. मग त्यांना सांगावं लागतं की यातलं लोखंड आपल्याला काहीच नको, आपल्याला हवी आहे ती आतली पोकळी. पाणी जिथे असेल तेवढाच आकार घन करायचा आणि बाहेरचं सगळं धातू पुसून टाकायचं. पुरणपोळीतलं पुरण तेवढं ठेवून पारी काढून टाकायची, असं मी एकदा एका मुलीला सांगितलं होतं. ती नागपूरची निघाली. पोळीत पारी शोधावी लागते असं पुरण आमच्याकडे भरतात, म्हणाली.

पोकळी काढायची तर आधी माप नीट कळायला हवं, आणि पाइपाच्या मापात एक जुनी गंमत आहे. चार इंची पाइप कुठूनही मोजला तरी चार इंच भरत नाही. शेड्यूल ४०चा, म्हणजे नेहमीच्या जाडीचा, चार इंची पोलादी पाइप बाहेरून ११४.३ मिलिमीटर असतो आणि आतून साधारण १०२.३. चार इंच म्हणजे १०१.६. हा आकडा ना बाहेर सापडतो ना आत. चार इंच हे त्याचं नुसतं नाव. सहा इंचीचंही तसंच, बाहेरून १६८.३, आतून १५४ च्या आसपास. दुकानात 'चार इंची द्या' म्हटलं की काम भागतं, पण संगणकाला नाव चालत नाही. ही गोष्ट मला पाठ होती. तरी मी त्यातच अडकले, ते पुढे येईलच.

पंपाचं तोंड चार इंची होतं आणि भिंतीतली स्लीव्ह सहा इंची पाइपासाठी होती. दोन्ही समोरासमोर असती तर प्रश्न नव्हता. पण पंपाचा मध्य स्लीव्हच्या मध्यापेक्षा ४०० मिलिमीटर वर आणि ३०० मिलिमीटर डावीकडे. म्हणजे पाइपाला एकाच वेळी चढायचंही होतं आणि बाजूलाही सरकायचं होतं. फिटर लोक याला रोलिंग ऑफसेट म्हणतात. संगणकावर मी त्रिमितीत मध्यरेषा काढते, तिच्यावरून वर्तुळ ओढत नेते. फिटरकडे तेव्हा खडू असतो आणि वर्कशॉपची फरशी. चाळीसेक वर्षं पाइप जोडलेल्या एका फिटरमामांनी मला हे फरशीवर करून दाखवलं होतं. काटकोनात दोन रेघा मारल्या, एक ४००ची, एक ३००ची, आणि टेप तिरका धरला. पाचशे. "हा खरा ऑफसेट. आता पंचेचाळीसचे एल्बो लावणार, तर एक पॉइंट चार एक चार नं गुण." सातशे सात. दोन एल्बोंच्या, म्हणजे वळणाच्या तुकड्यांच्या, मध्यापासून मध्यापर्यंत ७०७ मिलिमीटर. त्यातून एल्बोंची लांबी वजा करायची की मधला तुकडा किती कापायचा ते हातात येतं. पायथागोरसचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

मी हेच माझ्या पद्धतीनं केलं. मध्यरेषा झाली, दोन बेंड झाले, शेवटी सहाचा चार करणारा रिड्युसर लावला. दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता, नरसाळ्यासारखा, दिसायला सुरेख. पोकळी काढली, दोन्ही तोंडांना झाकणं लावली, मेश लावायला सोडलं आणि चहाला गेले. परत आले तर मेश फुटलेली.

मेश म्हणजे त्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे करणं. प्रत्येक तुकड्यात किती पाणी आलं आणि किती गेलं याचा हिशेब मांडायचा, शेजाऱ्याशी जुळवायचा, पुन्हा मांडायचा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. मधोमध तुकडे मोठे चालतात. भिंतीजवळ मात्र पाण्याचा वेग शून्यापासून वाढत जातो आणि ही वाढ फार थोड्या अंतरात होते, म्हणून तिथे पातळ थर एकावर एक रचावे लागतात, पापुद्र्यांसारखे. आमच्या पाइपात पंपाच्या तोंडाशी वेग सेकंदाला दोन मीटर होता. भिंतीपर्यंतचा सगळा हिशेब नीट करायचा तर पहिला पापुद्रा येतो सुमारे ११ मायक्रॉनचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोक्यावरचा केस याच्या कित्येक पट जाड असतो.

आणि अशा ठिकाणी मी पाइप घेतला होता आतून १०२.३ आणि पंपाच्या ड्रॉइंगमधलं तोंड होतं बरोबर १००. त्रिज्येत सव्वा मिलिमीटरही नाही असा फरक, पण सगळ्या बाजूंनी. डोळ्यांना तो दिसतच नाही. सॉफ्टवेअरला मात्र मी आधीच सांगून ठेवलं होतं की दोन मिलिमीटरपर्यंतच्या फटी आपोआप बुजव. त्यानं इमानदारीनं बुजवल्या. दोन वर्तुळं ओढून-ताणून एकमेकांना चिकटवली, आणि चिकटवताना कडेला नखाच्या कातरणीसारखे लांबट, चिंचोळे त्रिकोण तयार झाले. त्यांच्यावर पापुद्रे बसवायला गेलं की पापुद्रे उलटे होतात आणि घनफळ उणे येतं. उणे घनफळाच्या खोक्यात पाणी कसं भरायचं, ते संगणकालाही कळत नाही. तो तिथेच थांबतो.

दोन दिवस गेले. एकेक कातरण मोठी करून बघायची, पुसायची, कड पुन्हा शिवायची. शाळेत शिवणाच्या तासाला बाई उसवायला लावायच्या, त्याची आठवण झाली. सीनियर मध्येच येऊन विचारून गेले, "अजून पाइपच चाललाय?" मी 'हो' म्हटलं. काय सांगणार? शेवटी मी ती पायरी खरी आहे तशी ठेवली. १०२.३ वर पाइप संपतो, १०० वर पंप सुरू होतो, मध्ये सव्वा मिलिमीटरचा उंबरा. प्रत्यक्षातही तिथे उंबराच असणार आहे, पॅकिंग आणखी थोडं आत आलं तर त्याहून मोठा. तो बुजवून मी पाण्याचं भलं करत नव्हते, मेशचं करत होते.

रन लागला. आता दुसरा प्रश्न. पाइप सुरू कुठून करायचा? म्हणजे माझ्या चित्रातला पाइप. खरं पाणी नदीतून, टाकीतून, कुठून कुठून येतं. माझं पाणी एका झाकणावर जन्माला येतं. त्या झाकणावर मी सांगायचं की इथे वेग इतका. पूर्ण वर्तुळभर सारखा वेग देणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात खोटं. पाइपातून बराच वेळ वाहिलेलं पाणी मधोमध जोरात असतं आणि कडेला मंद. हा आकार तयार व्हायला लांबी लागते. आमच्या आकड्यांना ती येत होती व्यासाच्या सुमारे तीस पट, म्हणजे साडेचार-पाच मीटर. आणि अख्खा पाइपच दोन मीटरच्या आत! त्या पाण्याला स्थिरावायला सवडच मिळत नव्हती. म्हणजे संपातून ते ज्या अवस्थेत निघालं तीच अवस्था पंपापर्यंत पोचणार. मग मी पाइपाच्या आधी संपाचा एक कोपराही चित्रात घेतला.

तोंड कसं आहे यावर किती अवलंबून असतं, याबद्दल ऑस्बर्न रेनॉल्ड्सचा प्रयोग मला फार आवडतो. मँचेस्टर, १८८३. काचेची नळी, पाण्याच्या टाकीत बुडवलेली, आणि तिच्यात मधोमध सोडलेली रंगाची बारीक धार. वेग कमी असला की धार सरळ दोऱ्यासारखी जाते, वाढवला की एका ठिकाणी अचानक विस्कटते. धार कधी विस्कटेल ते वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा मिळून बनणाऱ्या एका आकड्यावरून ठरवतात, त्याला रेनॉल्ड्सचं नाव आहे. पुस्तकातून आपण त्याची '२३००' ही मर्यादा शिकतो. पण पाणी शांत ठेवून, नीट काळजी घेऊन त्यानं ती धार १२-१३ हजारांपर्यंत सरळ ठेवून दाखवली होती. नळीच्या तोंडाला त्यानं व्हार्निश केलेल्या लाकडाचं कर्ण्यासारखं पसरट तोंड बसवलं होतं, पाणी आत शिरताना अडखळू नये म्हणून. मँचेस्टर विद्यापीठानं ते यंत्र जपून ठेवलं आहे. पुढच्या काळात त्यावर तोच प्रयोग केला तेव्हा धार आधीच विस्कटली. बाहेरच्या रस्त्यावरच्या वाहनांची थरथर नळीपर्यंत पोचत होती.

बेंडचं प्रकरण वेगळं. सरळ पाइपात पाण्याला पुढे जाण्यापलीकडे काही काम नसतं. वळणावर मधलं वेगवान पाणी बाहेरच्या अंगाला फेकलं जातं. मग त्याची जागा घ्यायला कडेचं मंद पाणी भिंतीभिंतीनं आतल्या अंगाला सरकतं. असे दोन भोवरे तयार होतात, एकमेकांच्या उलट फिरणारे, जात्याच्या दोन पाळ्या शेजारी-शेजारी उभ्या करून फिरवाव्यात तसे. विल्यम डीन या ब्रिटिश गणितज्ञानं १९२७-२८ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून त्यांना डीनचे भोवरे म्हणतात. वळण संपलं तरी ते लगेच विरत नाहीत. पाणी सरळ पाइपात आलं तरी बराच वेळ पिळवटलेलं राहतं. म्हणून पंपाच्या तोंडाआधी निदान पाच व्यास सरळ पाइप ठेवा, दहा ठेवलात तर उत्तम, असं सांगतात. आमच्या आराखड्यात दुसऱ्या एल्बोपासून पंपापर्यंत फक्त रिड्युसरपुरती जागा होती.

हे चित्र मी पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं, त्याच्या खूप आधी नदीवर बघितलं होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. गावाखाली नदी एक मोठं वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या काठाला दर पावसाळ्यात जमीन तुटते, आतल्या काठाला वाळू साचते. लहानपणी आम्हाला वाटायचं की पाणी बाहेर आपटतं म्हणून काठ तुटतो, एवढंच. वाळू आतल्या बाजूला कोण आणून टाकतं, हे विचारायचं सुचलं नव्हतं. तळालगतचं मंद पाणी बाहेरून आत सरकतं आणि गाळ घेऊन येतं, हे जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये सांगितलं होतं. लॉर्ड केल्व्हिनचे हे थोरले भाऊ. पुढे १९२६ मध्ये आइनस्टाइननं हीच गोष्ट चहाच्या कपावरून समजावली. चमचा फिरवला की चहाची पत्ती तळाशी कडेला न जाता मधोमध का जमते, याचं कारण तेच. आमच्या घरी चहा गाळून देतात आणि बशीतून पितात, त्यामुळे आइनस्टाइनची वाट बघावी लागली.

रन लावताना एक ड्रॉपडाउन येतो. त्यात 'सिंपल' असं लिहिलेलं असतं आणि कित्येकदा तेच आधीपासून निवडलेलं असतं. दाब आणि वेग यांचं एकमेकांत गुंतलेलं गणित पायरीपायरीनं सोडवायची ही रीत ब्रायन स्पाल्डिंग आणि सुहास पाटणकर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पाटणकर पुण्याचे. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, मग मुंबईच्या आयआयटीत, मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पीएचडी. जगात कुठेही कुणी पाइपातून पाणी वाहवलं की त्याच्या आसपास कुठेतरी हे नाव असतं. शिवाजीनगरच्या सिग्नलला थांबलं की मला कधीकधी याची आठवण होते. शेजारच्या रिक्षावाल्याला सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

रिपोर्ट सोमवारी गेला. दाबाची घट अमुक, वेग तमुक, पंपाच्या तोंडाशी प्रवाह थोडा एका बाजूला झुकलेला, सरळ लांबी वाढवावी अशी शिफारस. चित्रं छान आली होती, निळ्यापासून लालपर्यंत. सगळ्यांना आवडली.

मधल्या पाइपाचं बोलते आहे तर फ्लिक्सबरोचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इंग्लंडमधलं गाव. तिथल्या नायप्रोच्या कारखान्यात नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनायचं. त्यासाठी सायक्लोहेक्झेन हा ज्वालाग्राही द्रव तापवून, दाबाखाली, एकापाठोपाठ एक सहा रिअ‍ॅक्टरांमधून फिरवत. प्रत्येक रिअ‍ॅक्टर आधीच्यापेक्षा १४ इंच खाली, म्हणजे द्रव आपसूक पुढे जावा. १९७४ च्या मार्चअखेर पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला. तो काढला आणि चौथा थेट सहाव्याला जोडायचं ठरलं. तेवढा मधला पाइप टाकायचा, बस. रिअ‍ॅक्टरांची तोंडं २८ इंची होती, हाताशी पाइप होता २० इंची. दोन तोंडांच्या उंचीत फरक, म्हणून पाइपाला मध्ये दुहेरी वाक द्यावा लागला. दोन्ही टोकांना घड्यांचे लवचीक बेलोज होते. पाइपाचं नीट ड्रॉइंग झालं नाही. वर्कशॉपच्या फरशीवर पूर्ण मापात खडूनं आकृती काढली, तेवढंच.

खडूच्या आकृतीत माप बरोबर येतं. फिटरमामांचं आलं होतं तसं. तिच्यात येत नाही ते हे की आतल्या दाबाचा रेटा दोन टोकांना दोन वेगवेगळ्या उंचींवर बसतो, आणि असा रेटा वाकलेल्या पाइपाला पिळायला बघतो. पाइपाला खालून आधार होता तो मचाणाच्या नळ्यांचा. दोन महिने तो टिकलाही. १ जून १९७४ ला, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तो निखळला. सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पसरला आणि पेटला. अठ्ठावीस माणसं गेली. शनिवार नसता तर आवारात कितीतरी जास्त लोक असते. पुढे चौकशीत हेही आलं की अशा कामावर ज्याची नजर पडली असती ती कारखान्याच्या मुख्य मेकॅनिकल इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती. शिकताना हे प्रकरण मला सुरक्षिततेचा धडा म्हणून शिकवलं होतं. आता वाचते तेव्हा मी २० इंच आणि २८ इंच या दोन आकड्यांशीच थांबते. हाताशी होता म्हणून घेतलेला पाइप.

महिन्याभरानं आण्णा पुण्याला आले, मोतीबिंदू दाखवायला. डॉक्टरांनी थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सहन होत नव्हता. पडदे ओढून मी घरूनच काम करत बसले होते आणि ते शेजारच्या खाटेवर. स्क्रीनवर तोच पाइप होता, कारण सरळ लांबी वाढवून दुसरा रन लावायचा होता. मी त्यांना गंमत म्हणून प्रवाहाच्या रेषा हलत्या करून दाखवल्या.

आण्णांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"हे सक्शन काय?"

"हो."

"पाणी खालीच हाय न्हवं पंपापेक्षा?"

"हो, संप खाली आहे."

"मग हितं," त्यांनी बोट स्क्रीनला टेकवलं, बरोबर रिड्युसरच्या वरच्या अंगाला, "हितली हवा कुठनं जाणार?"

मी म्हटलं, हवा नाहीच आहे यात, सगळं पाणी आहे.

"आगं, तुज्या टीव्हीत नसंल. पंप चालू करायच्या आधी काय आसतंय त्यात? हवाच की. ह्यो दोनी अंगानी बारीक केलाय न्हवं, मंजी वरनं तुंबडी झाली बघ. हितं हवा धरून बसती. मोटर पाणी टाकती, मग थांबती, मग टाकती. आपल्या जॅकवेलला झालतं की, तू आकरावीला व्हतीस तवा."

मला आठवलं. उन्हाळ्याचे दिवस, उसाला पाणी हवं, लाईटची पाळी रात्रीची. आण्णा आणि चुलते नदीवर, जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीवर, मोटर सुरू, आणि मी वरच्या रानात बॅटरी घेऊन दारं धरायला उभी. पाटात पाणी यायचं, फूट-दीड फूट सरकायचं आणि थांबायचं. पुन्हा यायचं, पुन्हा थांबायचं. रात्रभर. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल बदलला, पॅकिंग बदललं, मोटर बांधून आणली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचा, रिड्युसर बघितला आणि सांगितलं, वरनं सपाट असलेला घाला.

वरून सपाट, खालून निमुळता. त्याला एक्सेंट्रिक रिड्युसर म्हणतात. मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही असणार. वरची कड सरळ राहिली की हवेचा बुडबुडा कुठे अडकत नाही, चढत-चढत पंपापर्यंत जातो आणि तिथून बाहेर काढता येतो. आडव्या पाइपात दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता रिड्युसर घातला की मोठ्या पाइपाचा माथा लहान पाइपाच्या माथ्यापेक्षा वर राहतो. आमच्या सहा इंची आणि चार इंचीच्या माथ्यांत त्रिज्यांचा फरक होता, म्हणजे सुमारे २६ मिलिमीटर. सव्वा मिलिमीटरच्या उंबऱ्यापायी मी दोन दिवस झोपले नव्हते, आणि हे सव्वीस मिलिमीटर माझ्या नजरेसमोर रंगीत होऊन फिरत होते.

गणित चुकलं नव्हतं, हीच अडचण होती. माझ्या चित्रात पाणी पहिल्या क्षणापासून कोपऱ्याकोपऱ्यात भरलेलं होतं. झाकण लावून पोकळी घन केली तेव्हाच मी हवा हाकलून दिली होती, आणि नसलेल्या हवेची तक्रार सॉफ्टवेअर कशी करणार? दाबाची घट बरोबर होती, भोवरे बरोबर होते. फक्त असा पाइप सुरूच होऊ शकला नसता, किंवा झाला असता तर उचक्या देत.

दुसऱ्या दिवशी मी रिड्युसर बदलला. पाच मिनिटांचं काम. मध्यरेषा आता एकसंध राहिली नाही, रिड्युसरमध्ये २६ मिलिमीटरची वर उडी घेऊ लागली, म्हणून आधीचा ऑफसेटही पुन्हा काढावा लागला. फिटरमामांचा ४००चा ३७४ झाला, पाचशेचा ४७९, आणि एक पॉइंट चार एक चार नं गुणून ६७८. आकडे आता सुंदर राहिले नाहीत. सीनियरना मेल लिहिला, रिड्युसर का बदलला ते दोन ओळींत. त्यांचा फोन आला, "हे कसं लक्षात आलं?" मी म्हटलं, वडील आले होते.

त्या संध्याकाळी आण्णांना काळा चष्मा लावून जरा फिरवायला नेलं. त्यांना देवळांत रस नाही, पाण्याच्या गोष्टी सांगितलेल्या आवडतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, पेठांमधले हौद त्यावर भरायचे, हे सांगितलं. त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उभे धुराडे बांधलेले होते, ज्यातून कोंडलेली हवा निघे आणि साफसफाईला माणूसही उतरवता येई. त्यांना उच्छ्वास म्हणतात. आण्णांना हा शब्द फार पटला. दोन-तीनदा म्हणून बघितला. "आमी एरव्हॉल म्हणतुया," म्हणाले, "पर ह्ये बरं हाय."

ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना सोडायला गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. जॅकवेलवर मोटर बंद होती, फूटव्हॉलनं पाणी सोडलं होतं, सक्शन रिकामी. आण्णांनी पंपाच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट सैल केला आणि मला कळशीनं पाणी ओतायला लावलं. मी ओतत राहिले. आतून फुस्स असा आवाज यायला लागला, लांब, एकसारखा. त्यांनी बोल्टच्या भोकावर कान नेला. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसरा मिटलेला. आवाज बारीक होत गेला, मग अडखळला, आणि भोकातून पाणी थुंकलं.

"आता आवळ," म्हणाले, आणि पाना माझ्या हातात दिला.